हवा येते का रे?

इमारतीत पाणी कुठून शिरतं ते शोधून काढणं हा माझा आयुष्यभराचा धंदा. जुन्या वास्तूंची जपणूक करणारी आर्किटेक्ट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे राजवाडे येतात. प्रत्यक्षात मी डोक्याला टॉर्च बांधून, गुडघ्यांवर बसून, कुठल्यातरी काउंटी कोर्टाच्या तळघरात ओली भिंत चाचपत असायचे. डाग दिसतो तिथे गळती नसते. पाणी वर कुठेतरी आत येतं, भिंतीच्या पोटातून वाट काढतं आणि भलतीकडेच प्रकट होतं. हे एवढं कळायला मला कितीतरी वर्षं लागली. बाकी सगळं चुना, वीट आणि धीर.

मी मूळची नागपूरची. तिथेच शिकले आणि पहिली नोकरीही तिथेच, सार्वजनिक बांधकाम खात्यात लागली. लग्नानंतर नवऱ्याच्या कॉम्प्युटरच्या नोकरीपायी न्यू जर्सीला आले. डिपेंडंट व्हिसावर काम करायला परवानगी नव्हती, म्हणून पहिली काही वर्षं पार्सिपनीच्या अपार्टमेंटमध्ये पोळ्या लाटत खिडकीतून समोरची चर्चची इमारत बघत बसायचे. तिच्या विटांमध्ये कुणीतरी सिमेंट भरलं होतं. जुन्या मऊ विटेला सिमेंट सोसत नाही. वीट श्वास घेऊ शकत नाही आणि दरवर्षीच्या बर्फात तिचे पापुद्रे उडतात. ग्रीन कार्ड आल्यावर मी पहिलं काय केलं असेल, तर त्या चर्चमध्ये जाऊन हे सांगितलं. तिथल्या खजिनदाराने मला एका छोट्या फर्मचा फोन नंबर दिला. त्या फर्ममधूनच दोन वर्षांपूर्वी मी रिटायर झाले.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार असायची. एक बाई आपल्या घराची खिडकी अडीचशे वर्षांची आहे असं सर्टिफिकेट मागायला आल्या होत्या. काच कारखान्यातली होती, हे सांगितल्यावर त्यांनी माझं तोंड पाहायचं सोडलं. इथे 'कलोनियल' या शब्दाची मोठी मौज आहे. आपल्याकडे तो शब्द उच्चारला की माणूस जरा ताठ होतो. इथे तो जाहिरातीत घातला की घराची किंमत वाढते. आमच्या गावात निम्मी मराठी घरं 'फोर बेडरूम कलोनियल' आहेत. साताऱ्याचा एक मुलगा मला कौतुकाने म्हणाला होता, "काकू, आम्ही पण कलोनियल घेतलं, यार!" मी त्याला पेढा मागितला.

पण मला ज्यांच्याबद्दल लिहायचंय ते खरोखरच त्या कलोनियल, म्हणजे इंग्रजांच्या काळातले सरकारी आर्किटेक्ट होते. मी त्यांना कधी पाहिलं नाही. त्यांचा मुलगा मात्र इथे, माझ्या घरापासून दहा मिनिटांवर राहत होता.

सात-आठ वर्षांपूर्वी आमच्या महाराष्ट्र मंडळाने मला माझ्या कामावर बोलायला बोलावलं. शाळेच्या कॅफेटेरियात कार्यक्रम होता, त्यानंतर जेवण. मी कोर्टं दाखवली, लायब्ररी दाखवल्या. पेनसिल्व्हेनियातल्या एका जुन्या काउंटी जेलचं काम तेव्हा आमच्याकडे नुकतंच आलं होतं, त्याचेही फोटो दाखवले. बोलण्याच्या ओघात म्हणाले, "तुरुंगात जायची ही माझी पहिली वेळ नाही बरं का. नोकरीच्या पहिल्याच वर्षी विदर्भातल्या एका तुरुंगात भिंतींचे तडे मोजत होते." आणि त्या गावाचं नाव घेतलं. इथे ते लिहीत नाही, कारण ज्यांची ही गोष्ट आहे त्यांनी तशी विनंती केली होती.

जेवताना अरविंदकाका पाटणकर माझ्यासमोर येऊन उभे राहिले. चौऱ्याऐंशीचे असतील. साठच्या दशकात इंजिनिअर म्हणून आलेले, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलीकडे राहायचे. मंडळात त्यांची ख्याती म्हणजे कोरडा माणूस. कुणाच्या लग्नाला नाही, मयताला नाही, फक्त व्याख्यानांना यायचे आणि शेवटी वक्त्याची एक चूक दाखवायचे. मला वाटलं, आता माझी पाळी.

"तू त्या गावच्या तुरुंगात आत गेली होतीस? कोठड्यांत?"

"गेले होते काका. पश्चिमेच्या ओळीत. एकेकट्या कैद्याच्या कोठड्या होत्या त्या."

"ती ओळ माझ्या वडिलांनी बांधली. दामोदर विष्णू पाटणकर."

मी चमकले. नागपूरच्या आमच्या कचेरीत जुन्या नकाशांच्या कोपऱ्यात डी. व्ही. पी. ही अक्षरं कितीदा पाहिली होती. इतकं स्वच्छ काम की आम्ही नवशिके ते नकाशे समोर ठेवून गिरवायचो. मी हे उत्साहाने सांगायला लागले, तर काकांनी हात वर करून मला थांबवलं.

"आणि माझा भाऊ तिथे होता. आत."

तेवढ्यात कुणीतरी श्रीखंडाचं भांडं घेऊन आलं. "नको, शुगर आहे," म्हणाले आणि ताट तसंच ठेवून निघून गेले.

पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वतःच फोन केला आणि आमच्याकडे आले. बरोबर त्यांची मुलगी नीना. ती इथेच जन्मलेली, पन्नाशीची, शाळेत सायन्स शिकवते. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतून येतं. काकांनी चहा घेतला आणि सांगायला सुरुवात केली. बोलत माझ्याशी होते, पण मुलीला ऐकू जाईल अशा बेताने बसले होते. तिने यातलं काहीच कधी ऐकलेलं नव्हतं.

दामोदरपंत मुंबईला वास्तुकला शिकले आणि नागपूरला सरकारी आर्किटेक्टच्या कचेरीत नकाशे काढायला लागले. तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाड मिळून एक सरकार होतं आणि त्या सगळ्या मुलखाला मिळून एक आर्किटेक्ट, अर्थात साहेब. साहेबाने कल्पना सांगायची, पंतांनी ती कागदावर उतरवायची, पुढे पुढे कल्पनाही पंतांचीच आणि सही तेवढी साहेबाची. तहसील कचेऱ्या, शाळा, डाकबंगले, बायकांचे दवाखाने. बैलगाडीने, सायकलने, पुढे सरकारी मोटारीने ते सगळा मुलूख हिंडले. लढाई सुरू झाली, साहेब फौजेत गेला आणि त्याच्या खुर्चीवर पंत बसले. बदली म्हणून का होईना, त्या खुर्चीवर बसलेला पहिला हिंदी माणूस. घरी पेढे वाटले गेले.

"आई शेजारणींना सांगायची, आमचे 'हे' आता सरकारी आर्किटेक्ट आहेत म्हणून," काका म्हणाले. "ती काही शिकलेली नव्हती, पण 'आर्किटेक्ट' शब्द असा म्हणायची की साहेबाने ऐकत राहावं."

मग बेचाळीस साल आलं. काकांचा मोठा भाऊ प्रभाकर कॉलेजात होता. सगळे त्याला दादा म्हणत. तो चळवळीत पडला, टेलिग्राफच्या तारा तोडताना पकडला गेला आणि शिक्षा होऊन नेमका त्याच गावच्या तुरुंगात गेला. तिथे त्याने कैद्यांचं काम करायला नकार दिला, म्हणून त्याला एकट्याच्या कोठडीत टाकलं. ती कोठड्यांची ओळ तीन-चार वर्षांपूर्वी पंतांनीच काढून दिली होती. घराच्या जेवणघरात बसून ते तिचे नकाशे करायचे आणि दादा त्यांच्या पेन्सिलींना टोक काढून द्यायचा.

"आई पाया पडली त्यांच्या," काका म्हणाले. "शब्द टाका, नाहीतर नोकरी सोडा म्हणाली. बाबांनी दोन्ही केलं नाही. रोज दहाला कोट घालून कचेरीत जायचे. 'सरकारी माणसाने रदबदली करायची नसते आणि प्रभाकरलाही ती चालणार नाही,' म्हणाले. ते बरोबरच होतं. दादाने माफी लिहून दिली असती तर सुटला असता. त्यानेच दिली नाही."

उन्हाळ्यात एकदा भेटीची परवानगी मिळाली. आई, वडील आणि नऊ-दहा वर्षांचे अरविंदकाका गेले. जेलरच्या खोलीत दादाला आणलं. आई सगळा वेळ रडत होती. दादा तिला समजावत होता. पंत हातात टोपी धरून भिंतीशी उभे होते, एक अक्षर बोलले नाहीत. वेळ संपली, शिपाई उठला, तेव्हा त्यांनी विचारलं, "हवा येते का रे आत?"

दादा म्हणाला, "येते, बाबा. चांगली येते."

एवढंच. काही आठवड्यांनी दादा विषमज्वराने तुरुंगाच्या दवाखान्यात वारला. एकोणीस वर्षांचा होता.

"आई त्या भेटीच्या दिवशी फाटकाबाहेर आली आणि म्हणाली, 'पोटच्या पोराला विचारलंत काय, तर हवा येते का! तुम्हाला तुमच्या इमारतीचीच काळजी.' त्यानंतर ती त्यांच्याशी बोलली नाही. एका घरात राहून, मरेपर्यंत. स्वयंपाक करायची, ताट वाढायची, ते माझ्या हातून पाठवायची. आणि मी..." काकांनी कप बाजूला ठेवला. "मी आईच्या बाजूचा होतो. अजूनही आहे."

नीना कपातल्या चहाकडे बघत होती. "यू टोल्ड मी यू वेअर अॅन ओन्ली चाइल्ड," ती हळूच म्हणाली. काकांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

स्वातंत्र्यानंतर त्या तुरुंगाच्या गावाने एका चौकाला दादाचं नाव दिलं. पंतांना व्यासपीठावर बसायचं आमंत्रण होतं. हुतात्म्याचा बाप म्हणून. तेव्हाच गावातले काही जण त्यांना इंग्रजांचा हस्तक म्हणत होते. एकाच माणसाला दोन खुर्च्या, आणि पंत दोन्हींवर बसायला गेले नाहीत. निवृत्त झाले, पेन्शन घेतली. अरविंदकाका अमेरिकेत आले. वडील गेल्याची तार आली तेव्हा रजा मिळत नाही असं त्यांनी घरी कळवलं. रजेचा अर्ज केलाच नव्हता.

"मग आता काय हवंय काका?" मी विचारलं.

"तू दाखवलास ना फोटो, त्या पेनसिल्व्हेनियाच्या जेलचा. मला तिथे आत उभं राहायचंय. इंडियात जायला डॉक्टर परवानगी देत नाही आणि दिली तरी चालू तुरुंगात मला कोण घेणार? दादा कसल्या जागेत होता ते मला माहीतच नाही गं. पंचाहत्तर वर्षं झाली, मी फक्त त्या जेलरची खोली पाहिलीय."

फर्मकडून परवानगी काढणं अवघड नव्हतं. ते जेल एका बिल्डरने विकत घेतलं होतं. त्याला तिथे हॉटेल करायचं होतं, कोठड्यांच्या खोल्या. लोक अशा खोलीत झोपायला जास्त पैसे देतात म्हणे. आमच्याकडे पाहणीचं काम होतं : कुठल्या भिंती ठेवायच्या, कुठल्या पाडता येतील.

जूनमधला दिवस होता, चांगला तापलेला. नीनाने ड्राइव्ह केलं. काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून पुढे बसले होते, देवळात जायला निघाल्यासारखे. जेलच्या फाटकाशी आम्ही हेल्मेट घातली, कागदांवर सह्या केल्या. आत दगडी बोळ, दोन्हीकडे कोठड्या. बोळात गारवा होता, पण कोठडीत पाय टाकला की कोंदट वास अंगावर यायचा. मी काकांना पश्चिमेकडच्या एका कोठडीपाशी नेलं. विदर्भातली कोठडी मला आठवत होती, तिच्याशी त्यातल्या त्यात हिचं माप जुळत होतं. मागच्या भिंतीत छताजवळ एक झरोका, पुढे गजांचं दार.

काका आत गेले. "दार लाव," म्हणाले.

"बाबा, नो," नीना म्हणाली.

"कुलूप काढलेलं आहे नीना," मी तिला सांगितलं. "फक्त ओढून घेते." आणि दार ओढलं.

काका मध्यभागी उभे राहिले. मग मागच्या भिंतीशी गेले आणि हात वर केला, झरोक्याकडे, तळवा उघडा धरून. तसेच उभे राहिले. थोड्या वेळाने त्यांनी दुसऱ्या हाताने कोपर धरलं, पण हात खाली घेतला नाही. मग वळून दाराशी आले, तिथे तळवा धरला. पुन्हा मागे गेले. शर्ट पाठीला चिकटला होता. नीना माझा दंड घट्ट धरून उभी होती.

त्यांनी दार स्वतःच ढकललं आणि बाहेर येऊन बोळातल्या लाकडी खोक्यावर बसले.

"दादा खोटं बोलला," म्हणाले.

नीना त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली.

"तिथेही असंच होतं का वसुधा? खरं सांग. तू आत उभी राहिलीयस."

माझ्या धंद्यात हा प्रश्न मला हजार वेळा विचारला गेलाय. पाया खरंच खचलाय का, तुळई खरंच किडलीय का? तेव्हा खरं सांगायचंच असतं, नाहीतर छत कुणाच्यातरी डोक्यावर येतं. इथे कुणाच्या डोक्यावर काही येणार नव्हतं. तरी मला खोटं सांगवेना.

"नकाशात दार आणि झरोका समोरासमोर आहेत," मी म्हणाले. "वारा एकीकडून येणार, दुसरीकडून जाणार. आम्ही नकाशात त्याचे बाण काढतो. पण एकट्याच्या कोठडीपुढे उंच भिंतीचं छोटं अंगण असतं काका, कैद्याला दुसरं कुणी दिसू नये म्हणून. तसा तुरुंगांचा नियमच होता. ती भिंत वारा अडवते. मी गेले तेव्हा मार्च होता, तरी मला तिथे जास्त वेळ थांबवेना. मे महिन्यात दुपारी..." पुढे बोलायची गरज नव्हती. "कागदावर येते हवा."

काका मान हलवत राहिले. "बाबांनी विचारलं ते इमारतीसाठी नव्हतं," ते म्हणाले. "आणि दादाला ते कळलं होतं. आम्हाला कुणालाच कळलं नाही, त्याला कळलं. म्हणून म्हणाला, येते. चांगली येते." मग इंग्रजीत, नीनाकडे बघून, शाळेतल्या मुलाने पाठ म्हणावा तसं म्हणाले, "ही वॉज बीइंग काइंड टु हिज फादर."

परतीच्या वाटेवर, हायवेला लागल्यावर काका एकदम म्हणाले, "एक गोष्ट मी कधी कुणाला सांगितली नाही. सांगण्यासारखी आहे असं वाटलंच नव्हतं."

नागपूरच्या घरामागे जळणाची एक खोली होती. लाकडं, गोवऱ्या, कोळसा. तिला खिडकी नव्हती, पत्र्याच्या खाली हातभर फट होती. दादा गेल्यानंतरच्या उन्हाळ्यापासून पंत जेवण झालं की त्या खोलीत जायचे आणि दार आतून लावून घ्यायचे. नागपूरचा मे महिना. बाहेर पडायचे तेव्हा धोतर-सदरा भिजून काळा झालेला असायचा. विहिरीवर जाऊन अंगावर पाणी घ्यायचे आणि ओसरीवर बसायचे. दर उन्हाळ्यात, काका घर सोडून जाईपर्यंत.

"आई म्हणायची, बसू दे, तोंड दाखवायला लाज वाटत असेल. मला वाटायचं, आईला टाळायला जातात."

नीनाने गाडी कडेला घेतली आणि थांबवली. बाजूने ट्रक जात होते, गाडी हलत होती. तिने वडिलांचा हात हातात घेतला आणि पहिल्यांदाच मराठीत विचारलं, "आजोबा किती वेळ बसायचे, बाबा?"

"ऊन उतरेपर्यंत," काका म्हणाले आणि मोठ्याने रडायला लागले. मी मागच्या सीटवर होते. मला त्यांच्या टकलावर उमटलेला हेल्मेटचा वळ दिसत होता, त्याच्याकडेच बघत राहिले.

त्या दिवसापासून काका मला दर रविवारी फोन करायला लागले. चूक दाखवायला नव्हे, शिकायला. चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्यांना वडिलांचं काम समजून घ्यायचं होतं. शवविच्छेदनाची खोली नेहमी उत्तरेकडून उजेड येईल अशी का बांधायची? चुना किती दिवस भिजत घालायचा? डाकबंगल्याचं जोतं इतकं उंच का? मी सांगायचे, ते मध्येच म्हणायचे, "हे त्यांना माहीत होतं?" "होतं काका." "बरं. पुढे सांग."

त्या हिवाळ्यात मी नागपूरला गेले तेव्हा पंतांनी बांधलेला बायकांचा एक दवाखाना बघून आले. मोठा रस्ता झाल्यामुळे अर्धं आवार गेलंय, पण जुनी इमारत उभी आहे. तिचा व्हरांडा इतका रुंद की आमच्या हिशेबाने उधळपट्टीच. मी जाऊन पाहिलं तर भर दुपारी तो माणसांनी भरला होता. गावाकडून बाळंतिणीबरोबर सासू, आई, नवरा, लहान पोरं सगळी येतात. कुणी चटई टाकून झोपलं होतं, कुणी डबा उघडला होता, दोरीवर लुगडी वाळत होती. दवाखाना काढताना सरकारने खाटा किती ते सांगितलं असणार. बरोबर आलेल्या माणसांनी कुठे झोपायचं, हे पंतांनी मनाने धरलं होतं. आज तिथे कुणाला त्यांचं नाव माहीत नाही. मी एका परिचारिकेला विचारलं, तर ती म्हणाली, "इंग्रजांनी बांधलं असेल नं मॅडम, जुनं आहे."

काकांना फोनवरचे फोटो दाखवले. त्यांनी ते बोटांनी मोठे करून बराच वेळ पाहिले. खांब, कमानी वगैरे नाही. झोपलेली माणसं पाहत होते. "थंड आहे का गं तिथे?" त्यांनी विचारलं.

"आहे. मी अर्धा तास बसले होते, उठावंसं वाटत नव्हतं."

आमच्या धंद्यातलं एक दुःख असं की आपण बांधतो त्यात राहतात दुसरेच. तिथे कोण येणार, त्याला काय सोसावं लागणार, हे कागदावर बाण काढताना समजत नाही. मीही रिटायर होईपर्यंत पुष्कळ कागद केले. त्या जेलचाही केला. तिथे आता हॉटेल झालंय. त्या बोळात मऊ गालिचा आणि पिवळे दिवे आहेत, कोठड्यांत एअर कंडिशनर बसवलेत. उद्घाटनाचं आमंत्रण आलं होतं. मी कामाचं निमित्त काढून गेले नाही.

काका नंतर दोनेक वर्षं होते. शेवटच्या वसंतात डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हणून सांगितलं. नीनाने दिवाणखान्यात त्यांचा पलंग लावला होता. मी गेले तेव्हा जागे होते, आवाज फार खोल गेला होता. नीना उशाशी बसून त्यांच्या ओठांना ओला कापूस लावत होती.

"वसुधा, एक विचारायचं राहिलंय," ते म्हणाले. "मुलगा म्हणून नाही विचारत. तू त्यातली आहेस म्हणून विचारतो. आर्किटेक्ट म्हणून कसे होते गं बाबा?"

"चांगले होते काका. फार चांगले होते."

"तू माझ्यासाठी म्हणत नाहीस ना?"

"नाही. मी त्यांचे नकाशे गिरवून शिकलेय."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. नीनाने पांघरूण सारखं केलं. मग डोळे न उघडताच ते म्हणाले, "दादाला माहीत होतं ते."

"हो बाबा," नीना म्हणाली.

"त्याला सगळं माहीत असायचं. मला नाही कळलं. तो मोठा होता ना."